हळदी-कुंकवातला होकार

२००६च्या जानेवारीत लंडनच्या हायकोर्टाने एका आईचा दावा फेटाळला. सोळा वर्षांखालच्या मुलीला गर्भनिरोध किंवा गर्भपाताबाबत सल्ला किंवा उपचार दिले, तर ते आईवडिलांना कळवलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. माझ्या कामात त्या निकालाने काही बदललं नाही. वेम्बलीतल्या ज्या फार्मसीत मी आहे, तिथे नियम आधीपासून तोच होता. मुलीला सगळं नीट समजतंय का हे प्रश्न विचारून तपासायचं, आईला सांग असं सुचवायचं, तिने नाही म्हटलं तर गोळी द्यायची आणि गप्प राहायचं.

त्याच आठवड्यात शशीकडे हळदी-कुंकू होतं. बायका बातमीवरच बोलत होत्या.

"शाळेच्या ट्रिपला माझी सही लागते, आणि याला नाही?" शशी म्हणाली. "मीनाक्षी, तू देतेस का गं असल्या गोळ्या?"

"नियमात बसलं तर देते."

"आणि आमची ईशानी आली तर? मला सांगशील ना?"

शशी माझी वीस वर्षांची मैत्रीण. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं उत्तर 'नाही' असं होतं. पण कपाळावर तिने लावलेलं कुंकू होतं, हातात तिने दिलेलं वाण, चहाची गाळणी, आणि दिवस गोड बोलायचा.

"सांगेन की," मी म्हणाले.

"बघा, काउंटरवर आपलं माणूस असलेलं बरं," कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

ईशानी तिळगुळाची वाटी घेऊन माझ्यासमोरच उभी होती. पंधरा वर्षांची. तिने माझ्या हातावर एक वडी ठेवली आणि ती पुढे गेली.

मार्चमधल्या एका सोमवारी, शाळा सुटल्यावर, ती गणवेशातच दुकानात आली. मला बघून शाम्पूंच्या रांगेपाशी थांबली. मग काउंटरपाशी आली.

"नीना नाहीये का आज?" नीना आमची दुसरी फार्मासिस्ट.

"ती गुरुवारी असते. मी देऊ का काही?"

"घशाच्या गोळ्या."

आवाज स्वच्छ होता. घशाला काही झालेलं नव्हतं. तातडीची गर्भनिरोधक गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यावी लागते, जितकी लवकर तितकी बरी. सोमवार दुपार ते गुरुवार दुपार, तिथेच बहात्तर झाले. आधीचे किती गेले होते, मला माहीत नव्हतं.

मी तिला मागच्या छोट्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"ईशानी, इथे बोलशील ते बाहेर जात नाही. आईकडेसुद्धा नाही. कायदाच तसा आहे."

"आय नो. शाळेत सांगितलं."

"मग?"

"तुम्ही हळदी-कुंकूला हो म्हटली होती. मॉमला."

"ते उगाच म्हटलं गं. सगळ्यांसमोर तिला नाही कसं म्हणायचं? खोटं होतं ते."

ती विचार करत राहिली. शशीसारखीच, खालचा ओठ आत ओढून.

"पण मावशी, तुम्ही मॉमशी खोटं बोलू शकता, तर माझ्याशी पण बोलू शकता. मला कसं कळणार, कुठला खरं आहे?"

एकदा चुकीचं रीडिंग दिलेलं उपकरण आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाजूला ठेवत असू. ती तेच करत होती. आणि तिने मागितल्याशिवाय, माझ्या प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय मला तिच्या हातावर गोळी ठेवता येत नव्हती. मी दुसऱ्या एका क्लिनिकचा पत्ता लिहून दिला. आज सात वाजेपर्यंत उघडं आहे, म्हणाले.

"मला ट्यूशन आहे. मॉम सोडते," ती म्हणाली. तरी कागद तिने घडी करून खिशात ठेवला. घशाच्या गोळ्या घ्यायला विसरली नाही.

मेच्या अखेरीस शशी आली. त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसली.

"दोन महिने झाले होते गं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा कळलं मला. परवा हॉस्पिटलमधून सगळं करून आणली." तिचे डोळे कोरडे होते. "तुझ्याकडे आली होती?"

"मला ते सांगता येत नाही, शशी. कोणाच्याही बाबतीत."

"म्हणजे आली होती."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग नाही आली म्हणायला काय झालं? माझ्या घरात बसून हो म्हणाली होतीस तू."

'नाही आली' म्हणता आलं असतं. जानेवारीत खोटं बोलणं सहज जमलं होतं. या वेळी मी नियम पाळला, आणि शशीला उत्तर मिळालं. ती पर्स उचलून निघून गेली.

दोन दिवसांनी ईशानी आली. दुकानाच्या दारातच थांबली, आत आली नाही. चेहरा उतरला होता.

"मॉम म्हणाली, तुमच्याकडून कळलं तिला. मी इथे आली होती ते."

"मी काहीही सांगितलं नाही, ईशानी. खरंच."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"ओके, मावशी," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात, सगळ्यांसमोर म्हणावं तसं. आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली.