तळाच्या फळ्या

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी तिच्या मधाच्या कामासाठी आणलेल्या जुन्या कंटेनरला चौथी खिडकी कापून घेतली.

आईने एकच सांगितली होती. मध काढायच्या खोलीला खिडकी एकाच बाजूला हवी, जाळी लावलेली, वरच्या कडेला माशी बाहेर पडेल एवढी फट ठेवलेली. मधमाश्यांच्या पेट्यांतून काढलेल्या चौकटींबरोबर चुकून आत आलेल्या माश्या उजेडाकडे जातात आणि आपल्या वाटेने निघून जातात. चारी बाजूंनी उजेड आला की त्या बावचळतात, भिंतींवर आपटतात, मधाच्या टाकीत पडतात. हे तिने बाबांना नीट समजावून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि वेल्डरकडे वळून म्हणाले, "माल हवेशीर राहिला पाहिजे."

बाबांची सगळी नोकरी गोदामावर झाली. माल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पोतीच येत.

ग्राइंडर थांबला. लोखंडी पत्र्याचा चौकोन धाडकन बाहेरच्या मातीत पडला.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"छान दिसतंय हो," आई म्हणाली.

"दिसणारच. त्याला डोकं लागतं."

ते वायर गुंडाळायला वळले तशी आई माझ्या कानाशी आली. "जाड कापड आणून ठेवलंय. तिन्हींना पडदे लावू. उन्हाने मध खराब होतो असं सांगायचं."

आमच्या घराची ही रीत होती. बाबांना नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं, आणि ते जेवायला बसले किंवा दुपारचे आडवे झाले की त्यांनी करून ठेवलेलं निस्तरायचं. कंटेनरच्या तळाचं लाकूड काढून सिमेंट घातलं तेव्हा बाबांनी सांडपाण्याचा उतार दाराकडे काढायला लावला. मधाची भांडी धुतलेलं गोड पाणी उंबऱ्याशी साचलं असतं आणि कोसभरातल्या माश्या तिथे लुटालूट करायला आल्या असत्या. आई म्हणाली, "हो, दाराकडेच बरा." बाबा बँकेत गेले त्या सकाळी तिने गवंड्याला बोलावून उतार फिरवून घेतला. संध्याकाळी बाबांनी बादलीभर पाणी ओतलं. ते मागच्या भिंतीकडे वाहत गेलं. "बघ," ते म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

माझे आईवडील सुखी जोडपं म्हणून ओळखले जात.

त्या शेवटच्या दुपारी तळातून काढलेल्या फळ्या कंटेनरच्या सावलीत रचलेल्या होत्या. जाड, तांबूस, वजनदार. बाबांनी त्यांच्यावर प्रेमाने थाप मारली. "असलं लाकूड आता बघायला मिळत नाही. एकही टाकायची नाही."

"हो, कशाला टाकायची?" आई म्हणाली. आणि ते हात धुवायला गेल्यावर मला म्हणाली, "उद्या भंगारवाला येतोय. हे जेवायला बसले की देऊन टाकू. असल्या डब्यांतून माल समुद्रापार जातो, वाटेत तळाला कीड लागू नये म्हणून लाकडात औषध मुरवतात. त्या औषधाला वाळवी कोण आणि मधमाशी कोण, काय कळणार?"

"मग सरळ सांग ना त्यांना."

"सांगितलं की हट्टाला पेटतील. त्याच फळ्यांचा पलंग करून त्यावर झोपतील. तू ओळखत नाहीस का त्यांना?" ती हसली आणि कापडाची मापं घ्यायला आत गेली.

दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं. भंगारवाला आला, दारातली माणसं बघून तसाच परत फिरला.

दुःखाने माणूस अंतर्मुख होतो असं मी कितीतरी पुस्तकांत वाचलंय. बाबा वक्ते झाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते कंटेनर दाखवायला नेत. "तिचं स्वप्न होतं," सांगत. "तिला यातलं तांत्रिक काही कळायचं नाही, पण स्वप्न तिचं." लोक माना हलवत. आईने इतकी वर्षं स्वयंपाकघरात, सगळी दारं लावून, घामाने भिजत मध काढला होता. तेव्हा बाबांची एकच तक्रार असे, चहाचा कप चिकट लागतो. हे सांगायला कोणी उरलं नव्हतं आणि विचारायला तर कोणी आलंच नव्हतं.

सुट्टी संपली तशी मी नोकरीच्या गावी परतले. तिथे फोनवर बाबांचा आवाज ऐकू येई, "काम जोरात आहे. आलीस की बघशीलच." मी हो म्हणत असे. फळ्या माझ्या डोक्यातून पुसल्या गेल्या होत्या, आणि पुष्कळ काही पुसलं गेलं होतं.

मध काढायचे दिवस आले तेव्हा घरी गेले. कंटेनरवर पाटी लागली होती. आईचं नाव, त्याखाली 'स्मृतिप्रीत्यर्थ', आणि त्याखाली, दुप्पट मोठ्या अक्षरांत, 'संकल्पना व निर्मिती' म्हणून बाबांचं. पडदे लागलेच नव्हते. मध काढायचं यंत्र चारी खिडक्यांच्या झगझगीत उजेडात उभं होतं, प्रदर्शनात मांडल्यासारखं.

बाबांनी आईची जाळीची टोपी घातली होती. ती त्यांच्या डोक्यावर बरणीला दुसऱ्याच बरणीचं झाकण बसवावं तशी बसली होती.

"ये, ये. एक गंमत दाखवतो."

झाडाखाली आईच्या जुन्या पेट्यांच्या रांगेत, टोकाला, एक नवी पेटी होती. तांबूस, चकचकीत पॉलिश केलेली, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. तिच्या दाराशी मेलेल्या माश्यांचा ढीग होता. जिभा बाहेर आलेल्या. काही अजून पाठीवर पडून गरगर फिरत होत्या. शेजारच्या पेट्यांवर नेहमीची ये-जा चालू होती.

"लाकूड ओळख," बाबा म्हणाले.

मी ओळखलं होतं.

"कंटेनरचं! तळपाट, बाजू, झाकण, सगळं. तुझ्या आईची होती ती खोकी. खोकी! याला म्हणतात पेटी."

"अशी पेटी मला सासऱ्यांनी आंदण दिली नाही, ताई," वेल्डर म्हणाला. तो यंत्राचा पाय जोडायला आला होता आणि बाबांच्या कौतुकावर वरचा चहा मिळवत होता. "यात माणूस झोपेल आरामात."

"माश्या मेल्यात, बाबा."

"नव्या घराची सवय व्हायला वेळ लागतो. शिवाय आसपास कोणीतरी फवारणी केली असणार. लोकांना अक्कल असते का?" त्यांनी पायाने ढीग बाजूला सारला. "आणि तुझ्या आईने लाडावून ठेवल्यात. जरा कणखर होतील."

आत कंटेनरमध्ये तशाच पेट्यांची रांग तयार होती. संध्याकाळी माश्या परतल्या की आईच्या सगळ्या पेट्यांतल्या चौकटी त्यांत हलवायच्या, असा बेत होता. दुसऱ्या दिवशी गावच्या सोसायटीचे अध्यक्ष फीत कापायला यायचे होते. त्यांना खोकी कशी दाखवणार?

मी स्वयंपाकघरात गेले. मावशी, आईची धाकटी बहीण, बाबांच्या जेवणाचं बघायला येऊन राहिली होती. तिला सगळं सांगितलं.

"आता काही बोलू नकोस गं त्यांना. आधीच खचलेत."

"कुठे खचलेत?"

"आतून."

"आतलं मला दिसत नाही, मावशी. बाहेरून चांगले फुगलेत."

"जीभ आवर. तुझी आई कधी उलट बोलली का एका शब्दाने? हो म्हणायची आणि सोडून द्यायची."

"सोडून कधी द्यायची? हो म्हणायची आणि मग कंबर बांधायची."

मावशी भांडी आवरायला लागली. तिला भांडण नको असलं की भांडी लागत.

मी आईच्या वाटेने जाऊन पाहिलं. बाबांना म्हटलं, वारा फार आहे, उद्या करू. ते म्हणाले, वाऱ्यात काम करायची त्यांना सवय आहे. म्हटलं, पॉलिशचा वास जायला हवा, मध वास धरतो. ते म्हणाले, उंची पॉलिश आहे. म्हटलं, निदान एक पेटी जुनीच राहू दे, आईची आठवण म्हणून. हे त्यांना पटलं. म्हणाले, रिकामी करून पाटीखाली ठेवू.

तेव्हा मला कळलं की आईची युक्ती मला पुरणार नाही. उतार फिरवता येतो, खिडकीला पडदा लावता येतो. विषावर माश्यांची वसाहत एकदा ठेवली की बाबा जेवायला बसल्यावर मागाहून करण्यासारखं काही राहत नाही.

ऊन उतरलं. माश्या परतू लागल्या. बाबांनी माश्या शांत करायचं धुराडं पेटवलं, आणि एवढा धूर केला की वेल्डर खोकत मागे सरला. ते आईच्या सगळ्यांत जुन्या पेटीपाशी गेले. तिच्यातून तिने बाकीच्या सगळ्या वसाहती वाढवल्या होत्या. कोपऱ्यातली झिजलेली जागा तिच्या बोटांनी झाली होती. बाबांनी झाकण उचललं. आतून तो भरलेला, एकसुरी गुणगुणाट वर आला.

"चल, चौकट धर," ते मला म्हणाले.

"नाही."

त्यांना वाटलं नीट ऐकू आलं नाही. या घरात तो शब्द त्यांनी फारसा ऐकलेला नव्हता. "काय?"

"झाकण परत ठेवा, बाबा."

वेल्डर हसण्याच्या बेतात होता, तो थांबला. मावशी मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवू लागली, नको, नको.

"या फळ्या वापरायच्या हे तुझ्या आईच्या समोर ठरलंय," बाबा म्हणाले. "ती हो म्हणाली होती. विचार तिला."

सवयीने बोलून गेले. मग ते घराच्या दाराकडे बघत राहिले. हातातलं झाकण तसंच अधांतरी होतं. मला वाटलं आता गप्प बसावं, आणि त्याच वेळी दिसलं की त्यांनी झाकण बाजूच्या दगडावर ठेवलंय आणि ते पहिली चौकट सोडवायला वाकतायत.

मी पुढे झाले आणि त्यांचं मनगट धरलं.

"ती तुम्हाला प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची," मी म्हणाले. आवाज चढला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "आणि तुमची पाठ वळली की तुम्ही केलेलं सगळं मोडून पुन्हा करायची. या लाकडात विष आहे. तिला माहीत होतं, मला माहीत आहे, तिथे मरून पडल्यात त्यांनाही कळलं. फक्त तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्हाला सांगायची सोय नाही. तुम्हाला यातलं काही येत नाही, बाबा. पेट्यांतलं नाही, मधातलं नाही, कंटेनरमधलंही नाही. कधीच येत नव्हतं."