कुंकवाखालचे आकडे

मी एक जुना टरेट लेथ बोलतोय. भिलाईत, मरोद्याच्या बाजूला शामसुंदरबाबूंचं वर्कशॉप आहे, तिथे खिडकीशी उभा असतो. सळीवर आटे पाडणं हा माझा धंदा. वय विचारू नका, अंगावरची पितळी पाटीसुद्धा पुसून गुळगुळीत झाली आहे.

जन्म विलायतेतला. दोन मालक करून १९७९ साली इथे आलो, तेव्हा गंजाने माझे सांधे आखडले होते. ते मोकळे केले रामाजींनी. रामाजी भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले, भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मशीनशॉपमधून रिटायर होऊन इथे सेटर, म्हणजे यंत्रात हत्यारं बसवणारे, म्हणून लागलेले. महिनाभर रॉकेलचं फडकं घेऊन ते माझ्याशी झटले. तेवढी सेवा माझ्या दोन्ही गोऱ्या-काळ्या मालकांनी मिळून केली नव्हती.

माझ्या पुढ्यात सहा तोंडांचं एक डोकं आहे, तेच टरेट. प्रत्येक तोंडाला वेगळं हत्यार. एक सळीला अडवतं, एक तिला सोलतं, एक टोक उतरतं करतं, डायहेड आटे पाडतं. सेटरने सगळं नीट बसवलं की नुसतं हँडल फिरवायचं, एकासारखा एक नग पडतो. पण बसवताना चुकलं, तर चूकसुद्धा शेकड्याने पडते, एकासारखी एक.

डायहेडमध्ये माझे चार दात बसतात. त्यांना चेजर म्हणतात. प्रत्येकावर एक ते चार आकडा कोरलेला, आणि ज्याच्या त्याच्या घरावरही तोच आकडा. दोन दात जरी एकमेकांच्या घरात गेले, तरी आटे फाटलेच म्हणून समजा.

ते साल १९८६. विश्वकर्मा पूजेचा दिवस. त्या दिवशी यंत्र चालवत नाहीत, धुऊनपुसून पुजतात. रामाजींनी माझे चारही दात काढून ताटात मांडले आणि ओल्या हळदकुंकवाने माखून टाकले. संध्याकाळी परत बसवताना एकेक दात डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, आणि शेवटी अंदाजाने घरात सारला. घरं त्यांच्या हाताला पाठ होती आणि एरवी ते दात काढल्या क्रमानेच परत बसवत, पण पूजेच्या ताटात तो क्रम मोडला होता. कुंकू तर होतंच, पण कुंकवाखालचे आकडेही त्यांना वर्षभरापासून दिसत नव्हते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं, पण सहा तोंडं असून मला माणसांशी बोलता कुठे येतं?

दुसऱ्या दिवशी अकराला कारखान्याचा इन्स्पेक्टर येणार होता. स्टडची, म्हणजे आटे पाडलेल्या सळीच्या तुकड्यांची, नवी ऑर्डर होती, आणि मागचा लॉट परत आलेला. शामसुंदरबाबू सकाळीच माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"रामाजी, आज पहिले दहा नग पास नाही झाले, तर हा लेथ कबाडात जाईन अन् तुम्हाले घरी बसा लागन. मले दुसरा इलाज नाही."

माणूस वाईट नव्हता. बोलताना त्यांनी रामाजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

सळी फिरली, डायहेड पुढे सरकलं, आणि मी किंचाळलो. रामाजींची सून वच्छला बाजूच्या टेबलावर प्रत्येक नग रिंग गेजने, म्हणजे आट्यांवर फिरवायच्या मापाच्या कडीने, तपासायची. तिने स्टड उचलला, गेज फिरवला.

"मामाजी, गेज चढून नाही राहिला."

रामाजींनी माप सैल केलं. दुसरा नग पडला, तोही फाटका. तेल वाढवलं. तिसराही तसाच. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, रामाजी, दात पाहा, दात! साडेदहा वाजले. रामाजी पाना घेऊन पुन्हा मापाशीच झटत होते.

वच्छला वाकून डायहेडमध्ये बघू लागली. कुंकवाआडून डोकावणारा दोनचा दात तिला तीनच्या घरात दिसला. बऱ्याच दिवसांपासून सासरे बसचा नंबर तिलाच विचारत होते. बहुतेक तेच तिला त्या क्षणी आठवलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. मालक दोन हात अंतरावर उभे. खरं बोलावं तर सासऱ्यांची सेटरकी तिथल्या तिथे जाणार. न बोलावं तर अर्ध्या तासाने जाणार.

"मामाजी, ये कुंकू तेलात मिसळून राहिलं," ती म्हणाली. "चारही काढून द्या, साफ कर देती हूँ."

तिने फडक्याने दात पुसले आणि एकेक करून सासऱ्यांच्या हातात दिले. आधी एक नंबरचा, मग दोनचा. आकडा मात्र तोंडाने उच्चारला नाही. पहिला दात घेताना रामाजींचा हात क्षणभर थांबला. सुनेला कळलंय, हे त्यांना तेव्हा कळलं.

मग सळी लावली. या खेपेला मी किंचाळलो नाही. गेज दोन बोटांनी सरसर चढला. इन्स्पेक्टर आला, त्याने दहाही नग तपासले, सही केली आणि गेला.

आता गप्प बसायचं की नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची! पण रामाजी मालकांपुढे जाऊन उभे राहिले.

"बाबू, सकाळचे नग मशीननं नाही, म्या बिघडवले. चेजर उलटेपालटे बसवले. मले नंबर दिसतच नाही आता."

शामसुंदरबाबूंनी सहीचा कागद घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "उद्या पाहू."

त्या संध्याकाळी सुट्टी झाल्यावर वच्छला मागे राहिली. तिने माझे दात काढले आणि ग्राइंडरवर प्रत्येकाच्या पाठीवर बारीक खाचा पाडल्या. एक नंबरच्या दातावर एक, दोन नंबरच्यावर दोन, अशा चारापर्यंत. सकाळी ते चारही तिने मुद्दाम मिसळून सासऱ्यांच्या ओंजळीत टाकले.

"हे का वं?"

"हात फिरवून पाहा ना, मामाजी."

त्यांचा अंगठा खाचांवरून फिरला. ओठ हलले, एक, दोन, तीन. मालक दारात उभे होते. रामाजींनी वर न बघता चारही दात ज्याच्या त्याच्या घरात बसवले आणि बाह्यांनी डोळे पुसले.

"लावा सळी," शामसुंदरबाबू म्हणाले.

त्यानंतर सहा वर्षं रामाजीच माझे सेटर होते. आता ते घरी असतात, दोन्ही डोळ्यांनी अंध. मला वच्छला बसवते. तिची नजर घारीची, आकडे लांबूनही वाचेल. तरी दात बसवताना ती आधी अंगठाच फिरवते.

शेजारी नव्या यंत्रासाठी चौथरा बांधून झाला आहे. माझे दिवस भरत आले, हे मला कळतं. माझी तक्रार नाही. फक्त मला कबाडात काढाल तेव्हा हे चार दात आधी काढून घ्या आणि रामाजींच्या ओंजळीत ठेवा. कुठला कितवा, ते त्यांना सांगावं लागणार नाही.