काळी पट्टी

पोलिसांना चुकवत ऑटो ब्रेझिना नावाचा इसम थिएटरच्या अंधारात बसून होता आणि एकच विनोदी चित्रपट पुन्हापुन्हा पाहत होता. पडद्यावरचा पेपरवाला फोटोग्राफर मोठा बिलंदर. खून झाला की पोलिसांच्या आधी टपकायचा, मढ्याची टोपी सारखी करून फोटो काढायचा. एकदा मात्र घाईत कॅमेऱ्यातली काळी पट्टी ओढायलाच विसरला. लखकन उजेड पडला, पण पट्टीमागच्या काचेवर काहीच उमटलं नाही, आणि थिएटर खदखदून हसलं. सगळ्यांत आधी ऑटो हसला. लहानपणापासूनचा दोस्त गस हॅलोरन पेपरात फोटोग्राफर होता. त्याची कॅमेऱ्याची पेटी ऑटोने कैक वेळा वाहिली होती. पट्टी ओढल्याशिवाय फोटो येत नाही हे त्याला गसनेच शिकवलं होतं.

चित्रपटाच्या शेवटी तोच बिलंदर दोस्तासाठी नोकरीवर लाथ मारतो. तिथे ऑटोला रडूच कोसळायचं. सिनेमावाले तिकीट घेऊन थापा मारतात, एवढंही या बाबाला कळत नव्हतं.

ऑटो काही संत नव्हता. चोरीचे फरकोट विकायचा. पण फरकोटांच्या कोठाराचा पहारेकरी गोळी लागून मेला, त्यात त्याचा हात नव्हता. डिटेक्टिव्ह स्लॅटरीला मात्र खुनी हवा होता. ठाण्यातल्या मागच्या खोलीत रबरी नळीच्या माराखाली भलेभले न केलेला खून कबूल करायचे, आणि मग विजेची खुर्ची ठरलेली. त्यावर शहरातल्या चोरांपाशी एकच तोडगा होता. हजर होण्याआधी पेपरात फोटो छापून आणायचा. धडधाकट चेहरा चारचौघांनी पाहिला की पोलीस हात आवरते घेत, कारण सुजलेलं तोंड पाहून उद्या न्यायाधीश जाब विचारणार.

ऑटोने गसला फोन केला. गस म्हणाला, "झेलेंका न्हाव्याकडे ये. दाढी करून घे, म्हणजे ओरखडा नाही हे नीट दिसेल."

दुपारी झेलेंकाने त्याला अगदी नवरदेवासारखा तुळतुळीत केला. गस कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला आणि त्याने ऑटोच्या हातात त्या दिवशीचा पेपर दिला.

"तारीख दिसू दे. मान वर. लाजतोस काय लेका, पोरगी बघायला नाही आली तुला!"

"नाक जरा सरळ येऊ दे गड्या," ऑटो म्हणाला. "त्या स्लॅटरीचा काय भरवसा."

लखकन उजेड पडला. डोळे चोळत ऑटोने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि तो हसतच सुटला.

"अरे येड्या, पट्टी! पट्टी तशीच आहे! त्या सिनेमातल्या बावळटासारखं केलंस की! मिस्टर झेलेंका, बघा, हा म्हणे शहरातला एक नंबरचा फोटोग्राफर!"

झेलेंकाला काही कळलं नाही, तरी तोही हसला. गस हसला नाही. त्याने पट्टीला हातही लावला नाही. तो आरशातून दाराकडे बघत होता.

"ओढ ना ती," ऑटो म्हणाला. "दुसरा काढ."

"ऑटो, स्लॅटरीसाहेबांना हजर झालेला चोर नकोय रे. पकडलेला खुनी हवाय."

"आणि तुला?"

"पानभर फोटो. खाली माझं नाव."

ऑटोला आता उमगलं. मघाचा लखलखाट म्हणजे बाहेरच्या पोलिसांना खूण होती. मार त्याने आयुष्यात पुष्कळ खाल्ला होता, पण इतकं आत काही लागलं नव्हतं. त्याला रागसुद्धा येईना, नुसतं रडू येत होतं.

"न्हाव्याच्या खुर्चीत बसवून केसानं गळा कापलास रे गस," तो म्हणाला. "माझ्या आईच्या हातचं जेवलायस तू."

तेवढ्यात दार लाथेने उघडलं आणि स्लॅटरी दोन शिपाई घेऊन आत आला.

"मी स्वतःहून हजर होतोय," ऑटो हात वर करून ओरडला.

"हो का? कुणी पाहिलं?" स्लॅटरी म्हणाला, आणि झेलेंका खाली बघत वस्तरा पुसू लागला.

फार वेळ लागला नाही. तुळतुळीत गाल फाटला, नाक वाकडं झालं, आजच्या तारखेचा पेपर रक्तात भिजला. मग स्लॅटरीने ऑटोला कॉलर धरून उभा केला आणि आरशात बघून स्वतःचा टाय नीट केला.

"साहेब, थोडं डावीकडे," गस म्हणाला. "त्याचं तोंड उजेडात येऊ द्या."

ऑटोचा एकच डोळा उघडा राहिला होता. त्या डोळ्याने तो बघत होता. गसने फ्लॅशचा नवा दिवा बसवला, अंतर जुळवलं, आणि या वेळी न विसरता काळी पट्टी पुरती बाहेर ओढली.