मोकळा रस्ता

जतजवळचा रस्ता रुंद झाल्यापासून धुळा आणि त्याची बायको सुलाबाई मेंढरं दोघं मिळून पलीकडं न्यायची. तो पुढं, ती मागं. त्या दिवशी कळप पार होत आला होता. एक लंगडं कोकरू मागं राहिलं म्हणून सुलाबाई वळली. गाडी दोघांनाही दिसली होती. पण लांब आहे असं वाटेवाटेपर्यंत ती अंगावर आली.

सुलाबाई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मोटार खात्याचे साहेब टायरचे काळे पट्टे मोजायला आले. टेपचं एक टोक धरायला कुणी नव्हतं, ते धुळानंच धरलं.

"शंभराच्या पुढं होती गाडी," साहेब म्हणाले. "वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी चौपट घसरत जाते, बाबा. पन्नासनं असती, तर मावशींच्या अलीकडंच थांबली असती."

"कुठं थांबली आसती, सायेब?"

साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, मग चालत जाऊन जागा दाखवली. धुळानं तिथून सुलाबाई पडली होती तिथवर पावलं टाकली. वीस भरली. साहेब गेले, तरी तो पुन्हा पुन्हा तेवढंच चालत राहिला.

गाडी चालवणारा यशराज मलकापूरचा, चोवीस वर्षांचा. जामिनावर सुटला होता. तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्यानं धुळाचे पाय धरले.

"येवढी कसली घाई हुती रं?" धुळानं विचारलं. "घरात कुणी आजारी हुतं व्हय?"

"न्हाई, बाबा." पोरगा खाली बघत म्हणाला, "घाई नव्हती. रस्ता मोकळा होता."

काहीतरी कारण निघेल, या आशेवर धुळा इतके दिवस होता. कुणाचा दवाखाना, कुणाची मयत, काहीही चाललं असतं. एसटीत बसून परतताना त्याला हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ऐकणारी एकच होती, सुलाबाई.

लेक रेश्मा सांगलीहून फोन करायची. "इकडं या, आण्णा."

"मेंढरं कुणाला दिऊ?" तो विचारायचा.

एकट्यानं रस्ता ओलांडणं त्याला जमेना. पुढं चालावं तर मागं कोण, मागं राहावं तर कळप बिचकून मधेच उभा राही. शेवटी त्यानं तो नादच सोडला. रस्त्याखालून ओढ्याची मोरी होती, दीड कोसावर. आता रोज तो तिथून वळसा घालतो. कुरणावर पोहोचायला दुपार होते. मोरीच्या अंधारात शिरताना तो मागं वळून सगळी मेंढरं आत येईपर्यंत थांबतो. डोक्यावरून गाड्या जात असतात.