माणसं किती?

मुलांनो, समजा तुमच्यासमोर दोनशे बारा कागद आहेत. एक कागद म्हणजे घाटकोपरच्या टेकडीवरचं एक घर. त्या घरात माणसं किती, ते कागदावर लिहिलंय. एकेका माणसामागे एक उभी रेघ ओढायची, पाचवी आडवी मारायची, की झाली पाचाची जुडी. सगळे कागद संपले की जुड्या मोजायच्या.

रत्नप्रभा परब अंधेरीत, पाहणी करणाऱ्या एका कचेरीत, अकरा वर्षं हेच काम करत होती आणि तिला ते मनापासून आवडायचं. १९८४ सालच्या एका बुधवारी तिची बेरीज आली चारशे सदुसष्ट. घरटी जेमतेम दोन माणसं. तिची पेन्सिल थांबली. मुलुंडला तिच्या स्वतःच्या एका खोलीत सात जण राहत होते.

पाचशे माणसांपर्यंत एक नळ, त्यापुढच्या पाचशेंना आणखी एक, असं ठरलं होतं. म्हणजे अख्ख्या टेकडीला एकच नळ मिळणार. अहवाल शनिवारी जायचा होता.

ती दशरथसाहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, आलेले आकडे मांडा, त्यात डोकं घालू नका. चार पोरं उन्हातान्हात घरोघर फिरून आलीत, ती काय खोटं लिहितील?

“खोटं नाही म्हणत, साहेब. पण दहा घरं बघून येऊ द्या. माझं चुकलं तर परत तोंड उघडणार नाही.”

“मग जाच,” साहेब म्हणाले. “तेवढी तरी शांतता.”

आता दहा घरं घ्यायची कुठली? रस्त्यालगतची सोपी दहा घेतली, तर रस्त्यालगतच्या लोकांचंच कळणार. म्हणून तिने यादीतलं दर एकविसावं घर घेतलं, मग ते कितीही उंचावर असो.

पहिल्याच दारात आठेक वर्षांची नीला तांदूळ निवडत बसली होती. मोठी माणसं पाण्याला गेली होती. कागदावर या घरात माणसं होती दोन.

“घरात माणसं किती गं?”

“दोन. बाबा आन् काका.”

“आणि आई?”

“ती बाई हाय.”

“नि तू?”

नीलाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “मी पोरगी.”

रत्नप्रभा उंबऱ्यावर बसली आणि हसतच राहिली. तिची मालवणची आईसुद्धा रोज विचारायची, ‘माणसां जेवली काय?’ आणि घरातले पुरुष जेवून उठले की मग स्वतःचं पान वाढून घ्यायची. शब्द घरचाच होता, पण कागदावर वाचताना तो तिला कधी ऐकू आला नव्हता.

तिने प्रश्नच बदलला. काल रात्री या घरात किती जण झोपले? नीलाने बोटांवर मोजून पाच सांगितले. दहा घरांचे कागदावर बावीस होते, ते एक्कावन्न निघाले.

तिने साहेबांसमोर ते दोन आकडे ठेवले आणि नीलाचं उत्तर सांगितलं. साहेब हळूच म्हणाले, “आमच्या घरीही तसंच म्हणतात की. ‘माणसं अजून आली नाहीत.’”

दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन सगळे पुन्हा टेकडी चढले. साहेबही छत्री घेऊन आले. दुपारपर्यंतच बेरीज सहाशेच्या पुढे गेली आणि दुसरा नळ नक्की झाला. तरी शेवटच्या घरापर्यंत मोजायचं, असं रत्नप्रभाने सांगितलं.

नीलाच्या घराची ओळ तिने स्वतःकडे घेतली होती. नीलाने या वेळीही पाचच सांगितले. रत्नप्रभाने ते लिहिले आणि ती पुढच्या दाराकडे वळली.

“ओ बाई, थांबा.”

नीला आत गेली आणि चार महिन्यांच्या बहिणीला कडेवर घेऊन बाहेर आली. “हिला बी धरा. ही रातीला झोपतच न्हाई, म्हणून मी सोडली होती.”

रत्नप्रभाने पाच खोडून सहा लिहिले. नीला मात्र जागची हलली नाही. बहिणीला या कडेवरून त्या कडेवर घेत, टाचा उंचावून, तिने तो सहा स्वतः वाचला. मगच ती आत गेली.