पत्ता नसेल तर शून्य

मी एक पायथन स्क्रिप्ट बोलतेय. घाबरू नका, नाव अजगराचं असलं तरी मी चावत नाही. चावण्याइतकं माझ्या अंगात काही नाही. संगणकाला कामं सांगायच्या भाषेत लिहिलेल्या ओळींचा एक ढीग, एवढीच माझी इस्टेट.

दोह्यात एका बस कंत्राटदाराच्या ऑफिसात माझा मुक्काम असतो. रास लफानच्या गॅस प्रकल्पांवर शिफ्टला जाणाऱ्या माणसांची ने-आण करायची, हा त्यांचा धंदा. कोण कुठे राहतं ते पत्ते वाचायचे, नकाशावर प्रत्येकाचा ठिपका मांडायचा आणि ठिपक्याठिपक्यांवरून बसचा रस्ता आखायचा, हे माझं काम. मी आखलेला रस्ता ड्रायव्हरच्या फोनवर जातो. ऐकायला किती भारदस्त वाटतं ना? थांबा, आधी माझं नाव ऐका. 'फायनल_फायनल_खरंच_फायनल'. ज्या पोरीचं नाव ठेवतानाच घरच्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता, तिच्याकडून तुम्ही काय अपेक्षा करणार?

मला जन्माला घातलं अमेयनं. पोरगा पुण्याचा, हुशार, पण कमालीचा आळशी. साहेबांना नकाशा जेवणाच्या सुट्टीआधी हवा होता. मग अमेयनं इंटरनेटवर लोकांनी एकमेकांना दिलेली उत्तरं धुंडाळली आणि इथून चार, तिथून दहा अशा ओळी उचलल्या. माझं डोकं एका ब्राझीलच्या विद्यार्थ्याचं आहे, हातपाय कुणा जर्मन आजोबांचे. मधलं पोट कुणाचं, ते अमेयलाही सांगता यायचं नाही. शेवटी माझ्या कपाळावर त्यानं एक टीप लिहिली: 'हे का चालतं माहीत नाही. चालतंय ना? मग हात लावू नका.' माझ्या बारशाला मिळालेला आशीर्वाद तो एवढाच.

मी राहते एका मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये. जगभरचे हौशी लोक फावल्या वेळात ते घडवतात, त्यात काय आहे ते कुणीही उघडून बघावं, सुधारावं. मोठं उदार घर आहे हो. भाडं नाही, डिपॉझिट नाही. फक्त मालक अधूनमधून भिंती हलवतात, आणि माझ्यासारखी भाडेकरीण अंधारात कपाळ आपटून घेते.

अमेय कॅनडाला गेला. जाताना त्यानं ऑफिसातल्या कुंडीतल्या झाडाचा निरोप घेतला, माझा नाही.

त्याच्या जागी आली नमिता. मूळ नाशिकची, शिकलेली सिव्हिल इंजिनिअर. नवरा कौशिक इथे नोकरीला लागला तशी ती त्याच्या व्हिसावर दोह्याला आली, आणि मग घर, लेक गार्गीची शाळा, डबे यांत वर्षं निघून गेली. अल दुहैलच्या त्यांच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे कुंपणातल्या वसाहतीत, सगळे तिला 'मिसेस कौशिक' म्हणत. ही तिची इथली पहिली नोकरी, तीही प्रोबेशनवर. गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डावर फक्त 'नमिता' लिहिलेलं होतं. काम करता करता ती ते कार्ड उगीचच चाचपून बघायची. ही नोकरी तिला किती हवी होती, ते माझ्यासारख्या मठ्ठ स्क्रिप्टलाही कळत होतं.

आमचे मॅनेजर मधु सर, केरळचे. माणूस वाईट नाही, पण घाईचा. भर उन्हाळ्यात त्यांनी फर्मान काढलं, "नमिता, संडे से नया टाइमटेबल. थर्सडे तक मॅप चाहिए. नहीं तो मैं बाहर से रेडीमेड सॉफ्टवेअर लेगा, फिर तुम्हारा काम क्या है?"

इथे आठवडा रविवारी सुरू होतो. गुरुवारी दुपारी ऑफिस आवरतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात आयटीवाल्यांनी कुणालाही न विचारता सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. भिंती हलल्या. मी सकाळी उठले, कामाला लागले आणि दारातच आडवी झाले. पडद्यावर लाल अक्षरंच लाल अक्षरं.

नमितानं माझं पोट उघडलं. अमेयची टीप वाचून म्हणाली, "अरे मेल्या." मग तिनं एक करामत केली. चूक नक्की कुठे आहे ते कळावं म्हणून ओळींच्या मध्येमध्ये तिनं मला बोलायला लावलं, आणि तेही मराठीत! 'इथवर आले.' 'अजून जिवंत आहे.' 'आता काय झालं गं बाई?' उभ्या जन्मात मी इंग्रजीशिवाय अक्षर काढलं नव्हतं. पहिल्यांदा 'इथवर आले' म्हणाले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की पुढच्याच ओळीवर पुन्हा पडले.

दोन दिवसांनी मी एकदाची शेवटापर्यंत धावले. नमितानं टाळी वाजवली. मधु सर चहाचा कप घेऊन आले, नकाशा बघितला आणि म्हणाले, "नमिता, दोहा किधर गया?"

दोहा नव्हताच. आमचे सगळे बसथांबे युरोपातल्या कुठल्यातरी थंडगार जंगलात जाऊन बसले होते. जागा सांगायला दोन आकडे लागतात, अक्षांश आणि रेखांश. नव्या घरात त्यांचा क्रम बदलला होता, मी जुन्याच सवयीनं उलटे दिले. आणि किती ऐटीत मांडले होते म्हणून सांगू! एकही ठिपका वाकडा नाही.

"वहाँ तो अच्छा मौसम होगा," मधु सर म्हणाले. नमिता हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

तिनं क्रम सुधारला. दोहा परत जागेवर आला. गुरुवार उजाडला, मी धावले आणि मधेच पुन्हा अडले. आता का? तर पत्त्याचा रकाना रिकामा. कतारमध्ये प्रत्येक इमारतीवर एक निळी पाटी असते, तिच्यावर विभाग, रस्ता आणि इमारत यांचे आकडे. मी तेच वाचते. पण नव्या इमारतींवर पाटी लागायला वेळ लागतो. पाटी नाही म्हणजे आकडे नाहीत, आणि आकडे नाहीत म्हणजे माझी बोबडी वळलेली.

मधु सर काचेपलीकडून घड्याळ दाखवत होते. "यल्ला, नमिता, यल्ला! जल्दी!"

नमितानं घाईघाईनं एक ओळ घातली: पत्ता नसेल तर शून्य लिही आणि पुढे चल.

मी आज्ञाधारक. शून्य लिहिलं आणि पुढे चालले. एकही लाल अक्षर नाही. जन्मात पहिल्यांदा मी इतकी गुळगुळीत धावले की मलाच माझं कौतुक वाटलं. मूर्ख कुठली!

मधु सर आले. आता माणसांची एक गंमत सांगते. त्यांच्यापुढे कुठलाही नकाशा ठेवा, ते आधी स्वतःचं घर शोधतात. मधु सरांनी शोधलं, सापडलं. "ये मेरा घर! व्हेरी गुड!" नमितानं आपलं घर शोधलं, तेही सापडलं. "खलास. संडे को तुम्हारा कन्फर्मेशन करता है," म्हणून मधु सर खुशीत केबिनमध्ये गेले. नमितानं गळ्यातलं कार्ड मुठीत घट्ट धरलं.

आनंद कुणाला तरी सांगावासा वाटतोच. तिनं नकाशाचा फोटो सुमैयाला पाठवला. सुमैया रत्नागिरीची, मुलींच्या शाळेच्या गेटवर जमलेली मैत्रीण. तिचा नवरा आफताब रास लफानला टेक्निशियन, आमच्याच बसनं जाणारा. ते नुकतेच उम्म सलालकडच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले होते.

लगेच फोन वाजला. "अगो नमिता, लय भारी! पण आमचा घर कुठं गेला?"

"असेल गं, नीट बघ."

"बघितला ना. समोरची मशीद हाय, कोपऱ्यावरचा वाण्याचा बकाला हाय, आमचा घर नाय. बस येईल ना गो रविवारी? गेल्या महिन्यात यांची शिफ्ट चुकली तर वॉर्निंग मिळाली. आता परत चुकली तर घरी पाठवतील."

नमिताचा चेहरा उतरला. ती नकाशा मागे मागे नेऊ लागली. दोहा लहान झाला, कतार लहान झालं, अरबस्तान मागे पडलं. आणि आफ्रिकेच्या पश्चिमेला, भर समुद्रात, एकच ठिपका.

शून्य अक्षांश, शून्य रेखांश. ज्यांच्या दारावर पाटी नव्हती ते सगळे मी तिथे नेऊन ठेवले होते. आफताब, त्याच्या बिल्डिंगमधली माणसं, नव्या लेबर कॅम्पातले नेपाळी, बिहारी, मल्याळी, सगळे एकमेकांच्या डोक्यावर उभे. म्हणून ठिपका एकच दिसत होता. फार लांबचे ठिपके रस्त्यात धरायचे नाहीत ही अमेयची शिकवण, म्हणून बसचा रस्ताही त्यांना सोडून सुबकपणे आखला गेला होता. मला ते सगळं दिसत होतं हो. पण बोलणार कशी? मला बोलायला लावणाऱ्या ओळी नमितानं सकाळीच पुसल्या होत्या.

ऑफिस सुटत आलं होतं. रविवारी कन्फर्मेशन होऊन जाऊ द्यायचं, मग हळूच दुरुस्त करायचं. एका दिवसाचा तर प्रश्न. हा विचार नमिताच्या मनात आला, मला पक्कं ठाऊक आहे, कारण तिचा हात खिडकी बंद करायच्या खुणेवर जाऊन थांबला होता. मग "गेली नोकरी," असं मराठीत मोठ्यानं म्हणून ती उठली आणि मधु सरांना घेऊन आली.

"चल रहा था ना? फिर क्यूँ खोला?" मधु सर वैतागले. "मेरा घर तो दिख रहा था!"

"सर, आपका दिख रहा था. मेरा भी. इनका नहीं." तिनं समुद्रातल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "संडे को बस बराबर चलती, सर. ये लोग रस्ते पे खडे रहते."

मधु सर वाकून बघत राहिले. "ये सब लोग... इधर? पानी में?"

"हां सर."

त्यांनी कपाळाला हात लावला. "कन्फर्मेशन भूल जाओ. पहले इनको बाहर निकालो."

मग ऑफिस सुटलं, पण ही दोघं थांबली. नमितानं शिफ्टच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिंदीत निरोप बोलून टाकला: ज्यांच्या बिल्डिंगला निळी पाटी नाही त्यांनी दारात उभं राहून लोकेशन पाठवावं. सुमैया आपल्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरली. जे झोपले होते त्यांना उठवून खाली पाठवलं. लोकेशन येऊ लागली. मधु सर आकडे वाचत होते, नमिता मला भरवत होती, आणि समुद्रातली माणसं एकेक करून जमिनीवर येत होती. शेवटचा माणूस निघाला तेव्हा तो ठिपका विझला.

त्यानंतर नमितानं शून्याची ओळ खोडली. तिच्या जागी मला एक वाक्य दिलं. आता पत्ता सापडला नाही की मी पुढे जात नाही. तिथेच थांबते आणि लाल अक्षरांत म्हणते: 'एकाचं घर सापडलं नाही. आधी ते शोधा.'

"ये क्या लिखा है?" मधु सरांनी विचारलं. तिनं अर्थ सांगितला. "इंग्लिश में कर देती हूँ, सर."

"नहीं," ते म्हणाले. "रहने दो."

रविवारी उजाडायच्या आत आफताबनं सुमैयाला कळवलं, 'बस आली.' सुमैयानं ते नमिताला धाडलं. नमिता फोन हातात घेऊन सोफ्यावर बसली आणि रडली. हे तिनंच नंतर मधु सरांना सांगितलं, म्हणून मला कळलं. तक्रारीचा एकही फोन आला नाही. मधु सर तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "परमनंट. खलास." आणि चहा मागवला.

आता माझं काय? नाव अजून तेच आहे. पोटातला तो भाग कुणाचा, ते अजून कुणाला माहीत नाही. आठवड्यातून एकदा तरी मी मधेच अडते, मग नमिता "काय गं, कोण राहिलं?" म्हणून फोन उचलते. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती येईल, पुन्हा भिंती हलतील, मी पुन्हा तोंडावर पडेन. कधीतरी माझ्या जागी कुणीतरी शहाणी, देखणी स्क्रिप्ट येईल, आणि माझा निरोप तेव्हाही कुणी घेणार नाही. त्याचं मला काही नाही, कुंडीतल्या झाडाशी माझी बरोबरी कधी नव्हतीच.

तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेलच. ती अडली, लाल झाली, ऐन घाईत नखरे करू लागली, तर खुशाल चार शिव्या द्या. आम्हाला सवय आहे. पण तिला गप्प करण्यापुरतं शून्य तेवढं घालू नका. त्या शून्यावर कुणीतरी बसची वाट बघत उभं असतं.