प्रणोतीचं दूध बंद झालं

रविवारी सकाळी नंदा पोहे परतत होती, तोच शहरातल्याच कमानिया गेट भागातून तिच्या नणंदबाई, सुनेत्रावन्सं आल्या. दारातच त्यांची नजर तेरा वर्षांच्या प्रणोतीवर गेली.

“काय गं नंदा, पोरगी किती फुगून राहिली! दूध-दही बंद कर तिचं. उद्या हिला पसंत कोण करेल?”

फॅक्टरीत कामाला असलेला नंदाचा नवरा चिंतामणी पेपरातून मान न काढता म्हणाला, “ताई बरोबरच तर म्हणते.”

आणि नंदानं ऐकलं. दूध आता फक्त मुलाच्या, प्रथमेशच्या पेल्यात. प्रणोतीच्या ताटातलं दही गेलं, ताक गेलं. भुकेनं कासावीस झालेली पोर शाळेबाहेरच्या ठेल्यावर समोसे आणि चिप्स खाऊ लागली. वजन तसूभर उतरलं नाही. वन्सं दर खेपेला तिचा दंड चिमटीत धरून बघत, भाजी पारखावी तशा. प्रणोती ओशाळं हसे.

हिवाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात ती नुसती घसरली आणि उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टर मेघनांनी तिच्या जेवणाची चौकशी केली. उत्तर ऐकून त्या भडकल्याच.

“हात त्यामुळंच मोडला, असं मी म्हणणार नाही. पण हाडं भरायचं वय आहे हे! आत्ता कॅल्शियम नाही द्यायचं, तर कधी? दूध तोडलं की चरबी उतरते, असं कोणी सांगितलं तुम्हाला? दूध काढून घेतलंत आणि पोरीला तळणावर सोडलंत!”

संध्याकाळी वन्सं बघायला आल्या. प्लास्टर पाहून हळूच म्हणाल्या, “बाहेर बोलू नका हं. पुढं स्थळं येताना अडचण होते.”

नंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“वन्सं, तेरा वर्षांची आहे ती! तिच्या तोंडचा घास काहून काढायचा? बाजारात मांडायला नाही जन्माला घातली मी तिला. आजपासून या घरात पोरीच्या अंगावरून कोणी बोलायचं नाही. तुम्ही नाही, अन् हेही नाही!”

वन्सं पर्स उचलून तडक निघाल्या. “अच्छा, चलो, हो गया,” चिंतामणी पुटपुटला.

“नाही झालं,” नंदा म्हणाली.

तिनं दूध कोमट करून मुलीपुढं ठेवलं. प्रणोतीनं डाव्या हातानं पेला दूर सारला.

“नको आई. मैं और मोटी हो जाऊँगी.”

नंदा मटकन तिच्याशेजारी बसली. हाड जुळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोरीच्या मनात सगळ्यांनी मिळून जे घातलं, ते कधी निघेल, हे त्यांना विचारायचं राहून गेलं होतं.